फळाची पत, अर्काचा व्यवहार

वडिलांच्या नावावर मुलाला उधार मिळते, हा आपल्याकडील पेठांचा जुना रिवाज आहे. वडिलांनी चाळीस वर्षे देणे वेळेवर फेडलेले असते, दुकानदाराने ते पाहिलेले असते आणि त्या अनुभवाच्या बळावर तो मुलाचे खाते उघडतो. या रिवाजात गैर काही नाही. परंतु तोच मुलगा वडिलांचा धंदा सोडून, वडील कधी गेले नाहीत अशा मुलखात, वडिलांनी कधी केला नाही असा व्यापार करू लागला आणि तेथेही वडिलांचेच नाव सांगून माल उचलू लागला, तर? तो खोटे बोलतो असे म्हणता येत नाही. तो त्यांचाच मुलगा आहे. तरीही दुकानदाराची कोठेतरी फसगत होत आहे, असे आपले मन सांगते. ही फसगत नेमकी कोठे आहे, हा प्रश्न आम्हांस अलीकडे एका निराळ्याच क्षेत्रात पडू लागला आहे. औषधी वनस्पतींच्या फळांतून त्यांची कार्यकारी द्रव्ये वेगळी काढण्याचा उद्योग फार वाढला असून त्या द्रव्यांच्या गोळ्या, पुड्या व कुप्या फळाच्या नावावर विकल्या जातात. फळाने शतकानुशतके कमावलेली पत त्याच्या अर्काला वापरता येते काय, आणि येत असेल तर कोणत्या मर्यादेपर्यंत, हे आम्ही येथे तपासणार आहोत. (अर्क हा शब्द वैद्यकात ऊर्ध्वपातनाने काढलेल्या द्रवापुरता आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. बाजारात तो आता कोणत्याही निष्कर्षाला लावतात. आम्हीही तसाच वापरणार आहोत.)

उदाहरण दूरचे नको, आपल्या भिरंडाचेच घेऊ. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांस हे फळ वाळलेल्या आमसुलाच्या रूपानेच परिचित असेल. पण गोव्यात आणि कोकणपट्टीत वैशाखात लालजांभळ्या फळांनी लगडलेले झाड पाहिल्यावाचून उन्हाळा सरत नाही. फळाची साल त्याच्याच रसात पुन्हापुन्हा बुडवून उन्हात वाळविली की सोले तयार होतात. मिठात मुरविलेल्या रसाचे आगळ होते. बियांच्या तेलाचे भिरंडेल भेगाळलेल्या टाचांना लावतात. माशांच्या कालवणात आणि सोलकढीत त्याची आंबट चव असते. अंगावर पित्त उठले की आमसूल भिजवून त्याचे पाणी चोळतात. जड जेवणानंतर वाटीभर कढी पितात. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधिसंवादात ‘ब्रिंदाँव’ या नावाने याची दखल घेतली आहे आणि रंगारी व शिरका करणारे लोक याचा उपयोग करतात असे नमूद केले आहे. त्याचे हे ‘ब्रिंदाँव’ म्हणजे आपल्या भिरंडाचाच पोर्तुगीज उच्चार होय. (कोकमाच्या ‘गार्सिनिया’ या शास्त्रीय नावाचा मात्र या गार्सियाशी काही संबंध नाही, ते अठराव्या शतकातील लोरां गार्सें नावाच्या निसर्गशास्त्रज्ञावरून पडले. हा घोटाळा आम्ही चांगल्या शिकलेल्या मंडळींच्या तोंडी ऐकला आहे.) सारांश, या फळाच्या बाजूने निदान साडेचारशे वर्षांची लेखी आणि त्याहून किती तरी जुनी तोंडी साक्ष आहे.

आता अर्काची हकीकत पाहा. कोकमाचा आणि त्याचा केरळातील चुलतभाऊ जी कुडंपुळी तिचा आंबटपणा सायट्रिक आणि टार्टारिक आम्लांचा, अशी पूर्वी समजूत होती. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकंठन् यांनी १९६५ साली कुडंपुळीतील मुख्य आम्ल निराळेच, म्हणजे हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल आहे, असे दाखवून दिले. कोकमातही तेच आम्ल विपुल असते. १९६९ साली अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात असे आढळले की, शरीरात साखरेपासून चरबी बनताना ज्या एका विकराची गरज लागते त्याला हे आम्ल अडवून धरते. पुढे उंदरांवर प्रयोग झाले, त्यांची भूक व वजन घटल्याचे दिसले, आणि येथून शास्त्राची वाट सुटून व्यापाराची वाट सुरू झाली. वाळलेल्या साली गरम पाण्यात उकळून रस काढावयाचा, त्यातील चिकट पेक्टिन अल्कोहोलने साका करून दूर करावयाचे, आणि उरलेल्या आम्लाचा कॅल्शियम किंवा पोटॅशियम यांच्याशी क्षार बनवावयाचा. कारण मोकळे आम्ल टिकत नाही, त्याचे रूप पालटते. हाती येते ती पांढुरकी, जवळजवळ चवहीन भुकटी. कोकमाचा तो रक्तासारखा रंग या भुकटीत नाही, कारण तो रंग देणारी द्रव्ये तिच्यात येत नाहीत. सालीतील पिवळे गार्सिनॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून तेही मागे राहते. ही भुकटी जगभर वजन घटविणारे औषध म्हणून खपू लागली. तिच्या जाहिरातींत चित्र असते ते फळाचे, आणि शब्द असतात ते ‘नैसर्गिक’, ‘परंपरागत’ व ‘शतकानुशतके सेविलेले’.

वकिलीच्या धंद्यात साक्षीदाराने काय सांगितले याइतकेच त्याने काय सांगितले नाही, हेही आम्ही तपासतो. कोकमाच्या बाजूने साक्ष देणाऱ्या पिढ्यांनी काय सांगितले? हे आंबट आहे, ते पचते, पित्त उठल्यास लावता येते, उन्हाळ्यात बरे वाटते. त्यांतील एकाही पिढीने हे खाऊन माणूस रोडावतो असे सांगितलेले आम्हांस आढळले नाही. शिवाय त्यांनी जी साक्ष दिली ती जेवणात, भाताबरोबर, नारळाच्या रसात मिसळून, चारसहा माणसांच्या कढीत पडणाऱ्या पाचसात सोलांविषयी दिली. रिकाम्या पोटी, दिवसातून तीन वेळा, महिनोन् महिने घेतलेल्या क्षाराविषयी त्यांना कोणी विचारले नव्हते आणि विचारते तर त्या माउल्यांनी काय उत्तर दिले असते याचा तर्क वाचकांनीच करावा. एका वस्तुस्थितीविषयी दिलेली साक्ष दुसऱ्या वस्तुस्थितीला लावणे कोणतेही न्यायालय मान्य करणार नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात तर असा नियम होता, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे, की दिवाणी दाव्यात पक्षकाराचे चारित्र्य चांगले आहे एवढ्यावरून त्याने अमुक कृत्य केले नसेल, असे सिद्ध करता येत नाही. स्वतःच्या चारित्र्याची ही गत, तर पित्याच्या चारित्र्याची काय कथा!

आणि साक्ष जेव्हा खरोखर तपासली गेली तेव्हा काय दिसले? १९९८ साली अमेरिकेत १३५ स्थूल व्यक्तींवर बारा आठवडे एक रीतसर चाचणी झाली. अर्ध्यांना रोज दीड ग्रॅम हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल पोटात जाईल इतका गार्सिनियाचा अर्क दिला, अर्ध्यांना नुसती दिखाऊ गोळी दिली; बेताचा आहार दोघांनाही सारखाच. दोन्ही गटांचे वजन घटले. अर्क घेणाऱ्यांचे सरासरी ३.२ किलो आणि दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो! हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता, म्हणून अर्काने वजन वाढविले असा विनोदी निष्कर्ष कोणी काढू नये. पण घटविले असाही काढता येत नाही. त्याहून गंभीर गोष्ट पुढे आली. अमेरिकेत औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजांची नोंद ठेवणाऱ्या वैद्यकीय मंडळाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गार्सिनियाचा अर्क, कधी एकटा, कधी हिरव्या चहाच्या अर्काबरोबर अथवा अन्य द्रव्यांसह घेतल्यावर यकृत बिघडल्याचे २२ रुग्ण नोंदले आहेत. हा अर्क मुख्यतः कुडंपुळीचा होता, आपल्या कोकमाचा नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घेणाऱ्यांच्या प्रचंड संख्येत २२ हा आकडा लहान आहे, हेही. परंतु केरळातील कोळ्याच्या घरी कुडंपुळीचे कालवण खाऊन यकृत बिघडल्याचा प्रवाद कोठे आहे?

हे वाचून काही वाचक आनंदाने मान डोलावतील आणि म्हणतील, ‘आम्ही म्हणतच होतो, निसर्गाची मोडतोड करू नये.’ त्यांच्या पंगतीला बसण्याची आमची इच्छा नाही. फळातून द्रव्य वेगळे काढणे हे मुळातच पाप आहे असे मानणाऱ्यांनी अफूच्या बोंडाचा विचार करावा. बोंड हेही फळच. त्याच्या चिकात मॉर्फीन कोठे शंभरात ८ भाग, कोठे १४ भाग. त्यामुळे वैद्याने दिलेली तीच गुंज एका रोग्याला अपुरी पडे आणि दुसऱ्याला मारक होई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्ट्युर्नर नावाच्या तरुण जर्मन औषधविक्याने त्यातील झोप आणणारे द्रव्य वेगळे काढले आणि पुढे स्वतःवर व तीन तरुणांवर त्याचा प्रयोग केला. त्या प्रयोगात चौघेही जवळजवळ विषबाधेच्या दारी जाऊन आले. पण त्यानंतर वेदना शमविणाऱ्या माणसाला आपण किती देत आहोत हे प्रथमच कळू लागले. पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानच्या मुलखातील नीमच येथे सरकारी कारखान्यात माळव्यातील अफूपासून हीच द्रव्ये काढली जातात, आणि कर्करोगाने तळमळणाऱ्या रोग्याला त्यांचा जो आधार मिळतो त्याला निसर्गाची मोडतोड म्हणणे हे निव्वळ हृदयशून्यतेचे लक्षण होय. शिवाय स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशा पाच कल्पना सांगणाऱ्या आयुर्वेदाने वनस्पतीतून हवे ते काढून घेणे कधी निषिद्ध मानले? क्षार करताना तर वनस्पती जाळूनच टाकतात. मॉर्फीनने मात्र अफूचे प्रशस्तिपत्र कधी मागितले नाही. ते स्वतःच्या नावाने, स्वतःची मात्रा व स्वतःचा धोका सांगत उभे राहिले.

येथे एक तात्त्विक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. अर्कात जे आहे ते सारे फळातच होते; बाहेरून काही आणले नाही; मग अर्क हा फळाहून परका कसा? याचे उत्तर आपल्या दर्शनकारांनी फार पूर्वी निराळ्या निमित्ताने शोधले आहे. नैयायिकांचा सिद्धांत असा की अवयवी हा अवयवांच्या बेरजेहून वेगळा पदार्थ आहे. वस्त्र म्हणजे तंतूंचा ढीग नव्हे. बौद्धांना हे मान्य नव्हते आणि शेकडो वर्षे हा वाद चालला. आमचा कल कोणीकडे हे येथे महत्त्वाचे नाही, कारण वैद्यकाने हा प्रश्न अधिक व्यवहारी रीतीने सोडविला आहे. चरकाच्या विमानस्थानात म्हटले आहे की काही संयोगांत घटकांचे गुण ओळखून समुदायाचा गुण सांगता येतो, आणि काहींत, ज्यांस त्याने विकृतिविषमसमवेत म्हटले आहे, तो सांगता येत नाही. तेथे समुदायच तपासावा लागतो. घटकांवरून समुदायाचे अनुमान जर चुकू शकते, तर समुदायावरून घटकाचे अनुमानही तितकेच चुकू शकते, हे उघड आहे.

याची दोन उदाहरणे आम्हांस विशेष बोलकी वाटतात. हंगेरीतील सेझेड येथे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत तेथील पाप्रिका मिरचीतून क जीवनसत्त्व किलोकिलोंनी काढले. (मिरची अमेरिकेची, आपल्याकडे आणि हंगेरीत ती पाहुणी म्हणून आली आणि दोन्ही घरे तिने बळकावली.) त्यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याआधी एक चमत्कारिक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटून त्वचेखाली रक्त साकळणाऱ्या काही रोग्यांना शुद्ध जीवनसत्त्वाने गुण येईना, आणि लिंबाच्या व मिरचीच्या अशुद्ध अर्काने आला. त्यावरून त्यांनी १९३६ साली आणखी एका जीवनसत्त्वाची कल्पना मांडली. पुढे ती टिकली नाही. जीवनसत्त्व म्हणून त्या द्रव्याला मान्यता मिळाली नाही, पण स्कर्व्हीवर शुद्ध द्रव्य खात्रीने चालते ही गोष्ट पक्की झाली. म्हणजे अशुद्धतेचा कैवार घेणाऱ्यांनाही येथे संपूर्ण जय नाही. दुसरे उदाहरण मिरीचे. १८१९ साली डेन्मार्कच्या ऑर्स्टेड यांनी मिरीतून पायपरीन काढले. १९९८ साली बंगळूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात असे दिसले की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर केवळ वीस मिलिग्रॅम पायपरीन दिले तर रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धी सुमारे वीसपट वाढते. कारण यकृत आणि आतडे परक्या द्रव्यांची जी विल्हेवाट लावतात तिलाच पायपरीन खीळ घालते. आमटीत हळद पडते, मिरीही पडते; ती जोडी निरुपद्रवी आहे हे आपण जाणतो. परंतु द्वारपालाला झोपवून आत सोडलेला पाहुणा आणि त्याच्या परवानगीने आलेला पाहुणा यांत फरक आहे. हळदीच्या गोळ्यांनी, काही ठिकाणी पायपरीनसह, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली व अमेरिका येथे झाल्या आहेत. तेथेही जाहिरातीत आजीच्या हळदीच्या दुधाचीच आठवण दिलेली असते.

आमच्या कायद्याला हा भेद अगदीच कळत नाही असे नाही. औषध नियमांत २०१० साली घातलेल्या १५८-बी या नियमाने आयुर्वेदीय औषधांच्या परवान्यासाठी पाण्यातील अर्क आणि अन्य द्रावकांतील अर्क यांना निराळे लेखले, आणि ग्रंथोक्त उपयोग सोडून नवा उपयोग सांगावयाचा तर परिणामकारकतेचा पुरावा मागितला. २०१५ साली ‘फायटोफार्मास्युटिकल’ नावाचा नवा वर्ग निर्माण झाला. वनस्पतीचा शुद्ध केलेला अंश, ज्यात निदान चार द्रव्यांचे मापन झाले आहे, तो नवे औषध समजून तपासला जावा, अशी ती योजना. आम्हांस ही दोन्ही पावले योग्य वाटतात. पण दाराशी पहारा बसवून खिडकी उघडी ठेवावी तसे झाले आहे. तीच भुकटी आहारपूरक म्हणून अन्नाच्या कायद्याखाली आणली की तिला औषधाची परीक्षा द्यावी लागत नाही. वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापले की पुरते. मग त्याच वेष्टनावर फळाचे चित्र असते, झाडाखाली बसलेला ऋषी असतो, आणि जे शब्दांत सांगण्यास मनाई आहे ते चित्राने सांगितले जाते. कायदा शब्द वाचतो. गिऱ्हाईक चित्र पाहते.

आता पतीची दुसरी बाजू. हिंदू कायद्यात पूर्वी पुत्रावर वडिलांचे ऋण फेडण्याचे धार्मिक बंधन होते. न्यायालयेही ते मानीत. २००५ च्या दुरुस्तीने ते पुढील ऋणांपुरते संपले. पण ज्याने मालमत्ता घेतली त्याने तिच्यापुरते देणेही घ्यावे, ही न्यायबुद्धी कोणत्याही दुरुस्तीने संपणारी नाही. अर्काने फळाची पत घेतली, तर फळाचे देणे कोणाचे? केरळातील अगस्त्यकूटाच्या डोंगरात १९८७ साली काही शास्त्रज्ञ काणी जमातीच्या वाटाड्यांबरोबर फिरत होते. वाटाडे वाटेत एक रानफळ चघळत आणि थकत नसत. बऱ्याच आर्जवानंतर त्यांनी ती वनस्पती दाखविली. तिचे नाव आरोग्यपच्चा. तिरुवनंतपुरमच्या वनस्पती संशोधन संस्थेने पुढे तिच्या पानांना आणखी तीन वनस्पतींची जोड देऊन ‘जीवनी’ नावाचे औषध बनविले आणि १९९५ साली त्याचा परवाना दहा लाख रुपये व विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन ठरवून एका औषधशाळेला दिला. या रकमेचा अर्धा वाटा काणी लोकांना द्यावयाचे ठरले आणि त्यासाठी १९९७ साली त्यांचा एक न्यास नोंदविण्यात आला. हा सौदा निर्दोष नव्हता. काही काणी वैद्यांना आपली विद्या विकली गेली असे वाटले, आणि वनखात्याने पाने तोडण्यास अडथळा आणला. तरीही औषध पानांचे असून ज्यांनी फळाची खूण दाखविली त्यांचे देणे मान्य झाले, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. जैवविविधता अधिनियम त्यानंतर, २००२ साली आला. आणि देशी कंपन्यांनाही लाभाचा न्याय्य वाटा द्यावा लागतो, हे उत्तराखंड उच्च न्यायालयाला २०१८ साली निकाल देऊन सांगावे लागले.

सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्यामुळे आता अन्य मुलखातील आमसूल त्या नावाने विकता येत नाही. फळाच्या नावात पत असते आणि ती दुसऱ्याला उचलू देता कामा नये, हे तत्त्व कायद्याने येथे नि:संकोच मान्य केले आहे. शेजारच्या जिल्ह्यातील सख्ख्या फळापासून तो नावाचे रक्षण करतो. त्याच फळातून काढलेल्या, रंग गेलेल्या, चव गेलेल्या, भलत्याच कामाला लावलेल्या भुकटीपासून मात्र त्याला रक्षण करावेसे वाटत नाही. आमची मागणी अर्कावर बंदी घालण्याची नाही. अर्काच्या वेष्टनावरून फळाचे चित्र काढावे; त्यात कोणते द्रव्य किती आहे, ते कोणत्या द्रावकाने काढले, एका दिवसाची मात्रा नेहमीच्या आहारातील किती फळांइतकी होते, आणि सांगितलेला उपयोग परंपरेने सांगितलेला आहे की नवा, एवढे ठळक छापावे. नवा असेल तर त्याचा पुरावा अर्काचा स्वतःचा असावा.

असे छापले तर ती गोळी कोण घेईल, आणि मग साली विकणाऱ्या बागायतदाराचे काय, असे आम्हांस विचारण्यात येते. वैशाखाच्या अखेरीस फळ पिकते न पिकते तोच वळवाचा पाऊस येतो आणि किती तरी फळ झाडाखालीच कुजते, हे आम्ही दरवर्षी पाहतो. वाळलेल्या सालीला कारखान्याचा दर मिळावा असे त्याला वाटणे साहजिक आहे. परंतु त्याच्या नुकसानीची भरपाई ज्याने करावयाची तो दूरच्या शहरातील एखादा लठ्ठपणाने त्रस्त माणूस आहे, आणि आपण कशाची किंमत देतो आहोत हे त्याला कोणी सांगितलेले नाही. बागायतदाराला हवी आहे ती पावसाच्या आधी साल वाळविण्याची सोय, आगळ टिकविण्याची सोय आणि भिरंडेलाला गिऱ्हाईक. या तिन्ही गोष्टी पंचायतीच्या आणि सहकारी संस्थेच्या आवाक्यातील आहेत, आणि यांपैकी कोणत्याही मालाला आपल्या वेष्टनावर फळाचे चित्र छापण्याची चोरी नाही.